फुकी-सान आणि बैलखडकाचं वळण

फुकी-सानना चूक कबूल करताना निगोसे गावात कुणी पाहिलेलं नाही, असं मी गेल्या ऑगस्टपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. माझं केस कापायचं दुकान आणि त्यांचं टोफूचं दुकान समोरासमोर. मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढा रस्ता. चाळीस वर्षं मी आरशात गिऱ्हाइकाचं डोकं आणि त्या डोक्यामागे फुकी-सानचं दार असं दोन्ही एकदमच बघत आलोय. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा माझ्याइतका अधिकार कुणाला नाही. त्यांना विचाराल तर त्या म्हणतील, नोरीला काय कळतंय.

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. आळीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, म्हणजे हे पद पाळीपाळीनं गळ्यात पडतं आणि यंदा ते माझ्या गळ्यात होतं. तरी त्यांच्या लेखी मी नोरीच. त्या नवी नवरी म्हणून बसमधून उतरल्या तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि नवरी बघायला सगळ्यात पुढे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं गाठोडं माझ्याकडे दिलं. "धर हे. उभाच आहेस नुसता, तर उपयोगी तरी पड." गावात पाय ठेवल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हे. तेव्हापासून मी त्यांच्या उपयोगी पडतोच आहे.

त्या वरच्या डोंगरातल्या. तिथं आमची मियोरी नदी एका उडीत ओलांडता येते. खाली निगोसेत तिचा पसारा एवढा मोठा होतो हे त्यांना माहीत नव्हतं आणि पोहताही येत नव्हतं, पण घाबरल्या नाहीत. सासूनं पहिल्याच पहाटे पाण्याच्या हौदातून टोफूचे ठोकळे काढायला सांगितले. पहिला ठोकळा त्यांच्या मुठीत फुटला. दुसराही फुटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात सपाट करून पाण्यात खाली नेला आणि ठोकळा तळहातावर आपोआप येऊन बसेपर्यंत वाट पाहिली. मग सासूलाच शिकवल्यासारखं सांगितलं, टोफू हातानं उचलायचा नसतो, पाण्यानं उचलायचा असतो. सासू तीस वर्षं हेच करत आली होती, पण असं बोलून दाखवणं तिला कधी सुचलं नव्हतं. ती गप्प बसली आणि पुढे गप्पच राहिली.

नवरा शिगेझो-सान. पहाटे टोफू करायचे, मग गळ घेऊन नदीवर. मितभाषी आणि सरळ माणूस, त्याच्यात खोड एकच होती. शिगेझो-सान कधीही एका दमात घराबाहेर पडले नाहीत. गळ खांद्यावर टाकून निघायचे, कोपऱ्यावर जाऊन परत यायचे, कारण चष्मा राहिला. पुन्हा निघायचे, पुन्हा परत, तंबाखूची डबी राहिली. तिसऱ्यांदा पंचा. माझ्या खुर्चीवर बसलेली गिऱ्हाइकं आज किती फेऱ्या होणार याच्यावर पैजा लावायची. शेवटी आतून, टोफू कापता कापता, फुकी-सानचा आवाज यायचा, "अहो, सगळं घेतलंय. निघा आता." तो आवाज आला की शिगेझो-सान खरोखर निघायचे. मी रोज आठच्या सुमाराला वस्तऱ्याला धार लावायचो ती या वाक्यावर.

आता नदीचं सांगतो, कारण फुकी-सान म्हणजे निम्मी नदीच आहे.

ओबोनला आमच्याकडे गेलेली माणसं घरी येतात. चार दिवस त्यांचं खाणंपिणं, गप्पा, सगळं होतं आणि सोळा ऑगस्टला संध्याकाळी आम्ही त्यांना नदीवाटे परत पाठवतो. लाकडी पाटीवर चार बाजूंनी कागद, आत एक मेणबत्ती, कागदावर नाव, असे कंदील. देवळाच्या पायऱ्यांवरून सोडायचे, खालच्या बंधाऱ्यापर्यंत ते वाहत जातात, आणि तिथं अग्निशमन दलाची गावातली मंडळी होड्या लावून ते गोळा करतात. दुसऱ्या दिवशी देवळात जाळतात. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, त्या घराचा हा पहिला ओबोन. त्यांचे कंदील पांढरे आणि त्यांचा मान पहिला. पांढरे कंदील वळण पार करून गेले की देवळाची घंटा वाजते आणि मग बाकीच्या गावानं आपले रंगीत कंदील सोडायचे.

सगळी गोम त्या वळणात आहे. तिथं पाण्यात बसलेल्या बैलासारखा एक खडक आहे आणि त्याच्यामागे पाणी उलटं फिरतं. कंदील त्या भोवऱ्यात शिरला की गोल गोल फिरत राहतो, मेणबत्ती संपते, आणि काठावरच्या घरच्यांचे चेहरे उतरतात. गावात कुणी स्पष्ट बोलत नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच येतं, की आमच्या माणसाला जायचं नाहीये, कशात तरी जीव अडकलाय. मग ते घर वर्षभर अपराध्यासारखं वावरतं. म्हणून बैलखडकापाशी कंबरभर पाण्यात एक माणूस उभा करायचा. त्याच्याकडे लांब बांबू, बांबूच्या टोकाला हातभर फळी.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचं. शिगेझो-सान ते करायचे. चाळीस वर्षांपूर्वी ओबोनच्या दोन दिवस आधी त्यांचा खांदा निखळला आणि मंडळाची बैठक बसली. बैठकीत पुरुष एकमेकांकडे बघत असताना फुकी-सान दुकानातले रबरी बूट घालून, बांबू घेऊन थेट नदीवरच गेल्या. पाणी बुटांत शिरलं, तेव्हा त्यांनी बूट काढून काठावर फेकले आणि अनवाणी उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण त्या संध्याकाळी एकही कंदील अडकला नाही, एकही पेटला नाही, आणि म्हाताऱ्यांनी काढता पाय घेतला.

त्यांची रीत वेगळी होती. आधीचे लोक फळीनं कंदील ढकलायचे. कधी कागद फाटायचा, कधी मेणबत्ती कलंडायची. फुकी-सान कंदिलाला फळी लावतच नसत. खडक आणि कंदील यांच्यामधलं पाणी त्या हळूच सरकवायच्या आणि पाणी कंदिलाला घेऊन जायचं. टोफूचीच विद्या ती. चाळीस वर्षांत बैलखडकामागे एकही कंदील राहिला नाही असं त्या सांगतात. दोन राहिले होते, मी डोळ्यांनी पाहिलेत, पण ते त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

दुसरी त्यांची रीत म्हणजे तपासणी. दुपारी देवळात जाऊन प्रत्येक कंदिलात डोकावायचं. मेणबत्तीशिवाय आत काहीही चालायचं नाही, कारण वजनानं कंदील बुडीत चालतो आणि बुडीत कंदील भोवऱ्यात जातो. लोक काय काय ठेवतात विचारू नका. गोड बनपाव, काकडीचं लोणचं, नातवाचं चित्र. एका विधवेनं नवऱ्यासाठी साकेनं भरलेला पेला ठेवला होता. फुकी-साननी तो उचलून एका घोटात संपवला, पेला तिच्या हातात दिला आणि सांगितलं, पोचली म्हणून समज. बाई रडता रडता हसली होती.

मागल्या डिसेंबरात शिगेझो-सान गेले. आजार लांबला नाही. माणूस गेल्यावर त्याची शेवटची दाढी मी केली. ते माझं काम नव्हे, पण फुकी-सान रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, चल, त्यांना तसंच पाठवायचं नाहीये. मी गेलो. गार पडलेल्या गालावर वस्तरा चालवायला हात फार हलका लागतो. मी बाहेर आलो तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती, डिसेंबरात.

आणि मग जुलै आला. आमच्या आळीची रीत अशी की पहिला ओबोन असलेल्या घरच्यांनी त्या संध्याकाळी नदीत पाय टाकायचा नाही. गेलेला माणूस पाय धरतो म्हणतात. निम्मे लोक मानतात, निम्मे मानत नाहीत, पण मोडायला कुणीच धजत नाही. शिवाय त्या घरच्यांनी दुसऱ्याच्या कंदिलाला हात लावायचा नाही. थोडक्यात, यंदा फुकी-सान ना बैलखडकापाशी उभ्या राहू शकत होत्या, ना तपासणी करू शकत होत्या. अग्निशमन दलाच्या तोकीवानं बैठकीत सोपा उपाय काढला. वळणाच्या आधीच, पुलापाशी, जाळं लावायचं. कंदील दीडशे मीटर जातील, तिथंच उचलू. हात वर व्हायला लागले. मलाही बरं वाटलं, कारण मग मला काही ठरवावं लागणार नव्हतं.

फुकी-सान मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे बोलल्या. गावातल्या प्रत्येक घरचा माणूस बंधाऱ्यापर्यंत गेलाय. आमचे हे पुलापाशी थांबणार नाहीत. मी रीत मोडणार नाही, पाण्यात पाय टाकणार नाही. पण बैलखडकापाशी माणूस उभा राहील.

"कोण?" तोकीवानं विचारलं.

"नोरी," त्या म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. मी स्वतःही हसलो, कारण मला गुडघ्याच्या वर पाणी सोसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या हसल्या नाहीत. बैठक संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि अजिजीनं सांगितलं की हे माझ्याच्यानं होणार नाही, दुसरा कुणीतरी तरुण बघा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तरुणांच्या अंगात जोर असतो. जोराचं काय करू मी? यांची शेवटची दाढी तू केलीस, एक ओरखडा नाही उठला. तो हात पाहिजे मला."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता नदीवर हजर झालो.

तीन आठवडे रोज दुपारी शिकवणी चालली. त्या वेळी माझं दुकान रिकामं असतं आणि त्यांचा टोफू संपलेला असतो. फुकी-सान पालथ्या बादलीवर काठाला बसायच्या आणि वरून टोफूच्या लाकडी पेट्यांची झाकणं पाण्यात सोडायच्या. मी कंबरभर पाण्यात. पहिल्या दिवशी मी दोनदा पडलो. दुसऱ्या दिवशी एकदाच पडलो, पण बांबू वाहून गेला. त्यांचं तोंड अखंड चालू. "झाकणाकडे बघू नको, पाण्याकडे बघ." "कुदळ धरलीयस का हातात?" "मान कापशील गिऱ्हाइकाची अशानं." पुलावरून जाणारे लोक थांबून बघायचे. माझी बायको एकदा आली, पाच मिनिटं बघितलं आणि घरी जाऊन माझ्या विम्याचे कागद कुठे आहेत ते शोधून ठेवलं, असं तिनंच मला रात्री जेवताना सांगितलं.

पण दहाव्या-बाराव्या दिवशी काहीतरी जमलं. मी फळी पाण्याखाली आडवी नेली, जरा बाहेरच्या बाजूला सरकवली, आणि झाकण मला वळसा घालून गेलं. मी हात लावला नव्हता, तरी ते माझ्यामुळेच गेलं होतं. सांगून खोटं वाटेल, पण त्रेसष्टाव्या वर्षी मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. फुकी-सान म्हणाल्या, बरं. त्यांच्या तोंडून बरं म्हणजे फार झालं.

एक गोष्ट त्या दिवसांत मला कळली. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की शिगेझो-सान न अडखळता त्या वळणातून पार जावेत. दुसऱ्यांची माणसं त्यांनी चाळीस वर्षं पार लावली, आणि स्वतःच्या माणसाच्या वेळी काठावर हात बांधून उभं राहायचं होतं. त्या बोलल्या नाहीत. एकदा फक्त बादलीवरून उठताना म्हणाल्या की आमचे हे अडकणार नाहीत, ते नदीचेच आहेत. इतक्या खात्रीनं म्हणाल्या की मलाच त्यांची भीती वाटली.

सोळा तारीख उजाडली. सकाळपासून हवा स्वच्छ, नदीला बेताचं पाणी. दुपारी देवळात तपासणीला मी बसलो. दोनशे अकरा कंदील. मी एक शेंगदाण्याची वडी काढली, दोन छत्र्या, म्हणजे कागदी छोट्या, आणि एका आजोबांच्या कंदिलातून त्यांच्या लाडक्या मांजराचा फोटो. यंदाचे पांढरे कंदील चार. तीन मी नीट पाहिले. राहिला शिगेझो-सानचा. तो घेऊन फुकी-सानची मुलगी मिसाओ आली होती. ती नागोयाला असते, ओबोनपुरती येते. मी कंदिलाकडे पाहिलं, मिसाओकडे पाहिलं, आणि तिला म्हटलं, ठेव तिकडे. फुकी-साननी बांधलेला कंदील तपासायचा म्हणजे बैलाला बैल आहेस का विचारण्यासारखं होतं. गावात कुणाचीही छाती झाली नसती. माझी कशी होणार.

सूर्य डोंगराआड गेला आणि मी पाण्यात उतरलो. हात शांत होते. वरच्या वळणावर उजेडाचा पहिला ठिपका दिसला. पहिला पांढरा कंदील आला. मी पाणी सरकवलं, तो गेला. दुसरा आला, तोही गेला. काठावर मान डोलावल्या गेल्या. तोकीवा खडकाच्या वर हातात दिवा घेऊन उभा होता. चारही पांढरे पार झाले की तो दिवा हलवणार आणि देवळात घंटा होणार, असं ठरलं होतं.

तिसरा शिगेझो-सानचा. तो लांबूनच मला खटकला. एका अंगाला कललेला होता आणि पाण्यात दोन बोटं जास्तच बसलेला. मी फळी तयार ठेवली. तो नीट मधल्या धारेतून येत होता, आणि खडकापाशी आल्यावर, दाराशी आलेला माणूस सहज आत वळावा तसा, आत वळला. मी पाणी सरकवलं. कंदील भोवऱ्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा सरकवलं. गेला, परत आला. तेवढ्यात चौथा कंदील बाजूनं निघूनसुद्धा गेला, बिचाऱ्याकडे मी बघितलंही नाही. तिसऱ्यांदा मी जरा जोर केला. कंदील कडेवर थबकला, मेणबत्ती फडफडली, आणि तो सावकाश फिरून माझ्याकडे परत आला.

वरती देवळाच्या पायऱ्यांवर सगळं गाव आपापला पेटलेला कंदील हातात धरून घंटेची वाट बघत होतं. इकडे काठावर कुजबुज सुरू झाली. शिगेझो-सानना जायचं नाही, असं कुणीतरी म्हणालंच. मिसाओनं तोंडावर पदरासारखी बाही धरली. माझ्या पायाखालची वाळू सरकत होती, आणि ती खरोखरच सरकत होती. मनात आलं, बाईंनी चाळीस वर्षांत दुसऱ्यांचं कुणाचं अडू दिलं नाही, आणि मी त्यांच्याच नवऱ्याला अडकवून ठेवलंय. आता यांना तोंड कसं दाखवू?

तेवढ्यात फुकी-सान काठाकाठानं आल्या. काळा किमोनो, हातात जपमाळ. अगदी पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता या शिरणार पाण्यात.

"पाय टाकू नका," मी ओरडलो.

"मी कुठे टाकतेय. किती वेळा फिरले?"

"तीन."

त्या कंदिलाकडे बघत राहिल्या. त्याच्या कललेल्या अंगाकडे. त्यांचा चेहरा मी चाळीस वर्षं बघतोय, पण तसा कधी पाहिला नव्हता. मग त्या बोलल्या, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माझी चूक आहे. आत पुडकं ठेवलंय मी. काढ ते."

तोकीवानं आ वासलेला मला दिव्याच्या उजेडात दिसला. मी विचारलं, कंदिलाला हात लावू का? आमच्याकडे सोडलेल्या कंदिलाला बंधाऱ्याआधी हात लावत नाहीत, आणि मला तर त्यांनी तीन आठवडे बजावून ठेवलं होतं.

"लाव. दाढी करतोस तसा."

मी बांबू काखेत धरला आणि भोवऱ्यातून कंदील माझ्यापाशी येईपर्यंत वाट पाहिली. सपाट हात वरून आत घातला, ज्योतीच्या बाजूनं. पंच्याची एक छोटी पुरचुंडी हाताला लागली. गाठ तिथंच सैल झाली आणि आत काय आहे ते मला न बघताच कळलं. चष्मा. तंबाखूची डबी. यंदा त्यांना परत यावं लागू नये म्हणून बाईंनी सगळं बरोबर दिलं होतं. त्याच वजनानं ते परत परत येत होते.

पुरचुंडी मी शर्टात घातली. कंदील दोन बोटं वर आला, सरळ झाला. मी फळी पुढे केली, तशा फुकी-सान म्हणाल्या की ढकलू नको, फळी काढून घे, पाणी थांबू दे. मी काढून घेतली. माझ्या धडपडीनं ढवळलेलं पाणी निवलं. कंदील एक वळसा घेऊन कडेपाशी आला आणि तिथं घुटमळला.

मग तो आवाज आला. टोफू कापता कापता आतून यायचा तसाच, ना चढलेला ना उतरलेला.

"अहो, सगळं घेतलंय. निघा आता."

कंदील धारेला लागला आणि गेला. मी मान वळवून बघत राहिलो, बंधाऱ्याच्या अंगाला तो लहान होत गेला, आणि मला रडू फुटलं. अध्यक्ष असून, कंबरभर पाण्यात, सगळ्या आळीसमोर. वर घंटा वाजली.

त्यानंतर रंगीत कंदील आले, दोनशे सात. सगळे गेले. त्यातला एकही अडकला नाही, आणि याला साक्षीदार आहेत. फुकी-सान काठावर उभ्या राहून शेवटपर्यंत मला झापत होत्या, कोपर वर, मान खाली, डावीकडचा बघ, झोपलास का. पाण्यात पाय मात्र त्यांनी टाकला नाही.

सकाळी मी ती पुरचुंडी वाळवून, चष्म्याची काच पुसून, रस्ता ओलांडून गेलो. दुकान नेहमीच्या वेळी उघडलं होतं. गिऱ्हाइकं येऊन गेली होती आणि सगळ्यांनी, मला खात्री आहे, टोफू घेताना कालच्याबद्दल अवाक्षरही काढलेलं नव्हतं. मी सुचवलं की दुपारी देवळात कंदील जाळतील त्यात हे पण टाकू, म्हणजे धुरावाटे पोचेल त्यांना. मला वाटलं, मी फार समजूतदारपणे बोललो.

त्यांनी हात पुसले. आधी सांगितलं की काल माझी पकड फार घट्ट होती, आणि पुढच्या वर्षी बांबू त्या स्वतः धरणार आहेत, मी तपासणीला बसावं आणि कुणाचाही कंदील न तपासता सोडू नये, कुणाचाही. मग पुरचुंडी सोडली. पंचा खुंटीला लावला. तंबाखूची डबी आणि चष्मा दाराशी जोड्यांच्या फडताळावर ठेवला, शिगेझो-सान आत येऊन आधी जिथं हात घालायचे, तिथंच.

"जाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "राहिलेलं न्यायला ते परत येतात."